आउटलुक दर मेलला विचारतं 'पाठवू का?' आणि पाठवायचे आहेत २४०

डाळमिल_दिवाणजी | १७ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलचा हिशेब बघतो. मार्च सरला की दरवर्षीचं ठरलेलं काम असतं. सगळ्या पार्ट्यांना ३१ मार्चची बाकी कळवायची आणि 'आमच्याही वहीत एवढीच आहे' असं लेखी मागवायचं. यंदा २४० पार्ट्या आहेत. आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक बटण आहे. दाबलं की प्रत्येकाचा खातेउतारा पीडीएफ होऊन आउटलुकमधून जातो. म्हणजे जायला पाहिजे.

होतं असं की दर मेलला आउटलुक एक चौकट पुढे करतं. कुठलातरी प्रोग्रॅम तुमच्या नावाने मेल पाठवतोय, तुम्हाला ठाऊक नसेल तर 'डिनाय' दाबा आणि अँटीव्हायरस तपासा, असा मजकूर. चौकटीत एक पट्टी हळूहळू भरते आणि ती भरेपर्यंत पाच सेकंद 'अलाउ' दाबताच येत नाही. २४० गुणिले पाच, म्हणजे वीस मिनिटं नुसती पट्टीकडे बघण्यात जातात. जेवणानंतर डुलकी लागून बोट 'डिनाय'वर पडलं की सॉफ्टवेअर मान टाकतं आणि सगळं पहिल्यापासून. परवा एका दलालाला एकच उतारा तीनदा गेला. त्याचा फोन, "शेठजींना पैशाची एवढी नड आहे का हो?"

सध्या गोदामातल्या पोऱ्याला क्लिक करायला बसवलंय. बाहेर ४३ अंश आणि हा कूलरसमोर, त्यामुळे त्याची काही तक्रार नाही. माझी आहे. ही चौकट कायमची कशी घालवायची? अँटीव्हायरस फेब्रुवारीतच पैसे भरून नवा घेतलाय, तेव्हा तो सल्ला नको.

बिब्बा | ८:०५

पोऱ्याचा पत्ता द्या. आमच्याकडे कूलरसमोर बसायचे उमेदवार बरेच आहेत.

केळीबागवान | ८:२२

सोपं आहे. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, प्रोग्रामॅटिक अ‍ॅक्सेस. तिथे तीन पर्याय दिसतील, त्यातला 'नेव्हर वॉर्न मी' निवडा. पण तसं करून मी काय भोगलं ते रात्री लिहितो. आत्ता गाडी भरतेय.

डाळमिल_दिवाणजी | ८:४०

बागवान भाऊ, तिथे पोचलो. तिन्ही पर्याय फिकट आहेत, टिचकीच बसत नाही.

रात्रपाळी | ९:१०

फिकट असणारच. ते सेटिंग अ‍ॅडमिनच्या हाती असतं. आउटलुक पूर्ण बंद करा, आयकॉनवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा, मग पर्याय उघडतील. बदल झाला की ते बंद करून पुन्हा नेहमीसारखं उघडा. ही दुसरी पायरी लोक विसरतात. आउटलुक अ‍ॅडमिन म्हणून चालू आणि बिलिंग साधं चालू असलं की दोघांची बोलणीच होत नाहीत, आणि मग 'आता तर मेलच जात नाही' म्हणून रात्री अकराला फोन येतो. मला.

पण दिवाणजी, थांबा. काही बदलण्याआधी त्याच पानावर खाली 'अँटीव्हायरस स्टेटस' अशी ओळ आहे. तिथे काय लिहिलंय ते सांगा. 'व्हॅलिड' असेल तर आउटलुक मूळ सेटिंगवर ही चौकट दाखवतच नाही. २००७ च्या आउटलुकपासून तसंच आहे.

भुसावळचा_नाना | ९:३५

ही चौकट आली कुठून ते तरुण पोरांना ठाऊक नसेल, म्हणून म्हाताऱ्याची टकळी थोडी ऐका.

२००० साली भुसावळला स्टेशनजवळ माझं सायबर कॅफे होतं. चार संगणक आणि तासाचे पैसे. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १९९९ मध्ये, 'मेलिसा' नावाचा व्हायरस आला होता. वर्डची फाइल उघडली की तो आउटलुकच्या पत्तावहीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःची नक्कल पाठवायचा. मग मे २०००. 'आय लव्ह यू' अशा विषयाचा मेल आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल. ती उघडली की पत्तावहीतल्या एकूण एक माणसाला तेच पत्र तुमच्या नावाने रवाना. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात साहेबाच्या नावाने सगळ्या हाताखालच्यांना प्रेमपत्र गेलं. अर्धे घाबरले आणि एकाने 'थँक्यू सर' असं उत्तर दिलं.

तोवर कुठल्याही प्रोग्रॅमने आउटलुकला 'हे पाठव' म्हणावं आणि त्याने मुकाट पाठवावं, असा कारभार होता. त्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुक ९८ आणि २००० साठी दुरुस्ती काढली आणि ही चौकट आली. पुढच्या आवृत्त्यांत ती आधीपासूनच बसवलेली. पाच सेकंद मुद्दाम ठेवलेत. माणसाने न वाचता दाबू नये म्हणून.

बिब्बा | ९:४१

नाना, 'थँक्यू सर' म्हणणारे तुम्ही नव्हता ना?

भुसावळचा_नाना | ९:४४

माझं लग्न झालेलं होतं तेव्हा.

कोडकरी_धुळे | ९:५८

मी धुळ्यात असलंच बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा शिव्या खायची बारी माझी.

आमचा प्रोग्रॅम आउटलुकच्या बाहेर चालतो आणि बाहेरून त्याला हुकूम देतो. आउटलुकच्या नजरेत मी आणि व्हायरस एकाच रांगेत उभे. नुसतं पाठवणंच नाही, पत्तावही चाळली किंवा आलेल्या मेलचा पाठवणारा कोण ते वाचलं तरी चौकट येते. पत्ते वाचण्याच्या चौकटीत निदान एक, दोन, पाच, दहा मिनिटांची परवानगी देता येते. पाठवण्याच्या चौकटीत ती सोय नाही, दर मेलला नवा प्रश्न. पूर्वी लोक 'क्लिकयेस' नावाचा प्रोग्रॅम टाकायचे, तो माणसाच्या वतीने बटण दाबत बसायचा. म्हणजे दिवाणजींचा पोऱ्याच, पण कचोरी न मागणारा.

माझं मत सांगू? ही चौकट आता जुनाट झालीय. आजचा चोर आउटलुकला विचारत बसत नाही, तो तुमचा पासवर्डच पळवतो. घराच्या एका दाराला पाच कुलपं लावायची आणि खिडकी सताड उघडी. बिनधास्त 'नेव्हर' करा.

रात्रपाळी | १०:२०

कोडकरी, खिडकी उघडी आहे म्हणून दारही काढून टाकायचं, हे कुठलं शहाणपण? तुमचं सॉफ्टवेअर सुखाने चालावं म्हणून गिऱ्हाइकाने सगळ्याच प्रोग्रॅमना मोकळं रान द्यायचं. 'नेव्हर' म्हणजे परवानगी फक्त तुम्हालाच नाही, तर त्या मशीनवर चालणाऱ्या प्रत्येकाला.

कोडकरी_धुळे | १०:२६

मग विशिष्ट प्रोग्रॅमला परवानगी द्यायची सोय आउटलुकने का ठेवली नाही? चौकटीत माझ्या सॉफ्टवेअरचं नाव तरी दाखवायचं. 'कुठलातरी प्रोग्रॅम' म्हणे.

रात्रपाळी | १०:३१

हे मात्र खरं.

केळीबागवान | ११:१५

गाडी गेली. आता माझी कथा.

आमचा केळीचा धंदा, रावेर तालुका. व्यापारी सगळे उत्तरेकडचे. दोन वर्षांपूर्वी याच चौकटीला कंटाळून मी 'नेव्हर' केलं. झकास चाललं. पुढे भाच्याला ऑफिसात बसवलं. त्याने एक्सेलच्या यादीत वर एक ओळ घातली, पण पत्त्यांचा रकाना तेवढा सरकला नाही. बटण दाबलं. ६० मेल चहा गार व्हायच्या आत गेले, आणि प्रत्येकाला त्याच्या शेजारच्याचा हिशेब. कोणाला काय भावाने माल दिला ते उघडं पडलं. केळीच्या धंद्यात दोन माणसांचा भाव कधी सारखा नसतो, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून फोन. "हमको साठ रुपया जादा क्यूं?" दोन पार्ट्या कायमच्या गेल्या.

यात व्हायरस नव्हता, चोर नव्हता, आमचंच सॉफ्टवेअर आणि आमचाच भाचा. चौकट असती तर पोराने दुसऱ्या-तिसऱ्या मेलला तरी थांबून बघितलं असतं. दिवाणजी, 'नेव्हर' करायचं तर करा, पण पहिले पाच मेल स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून उघडून बघा.

अमळनेरकरीण | १८ एप्रिल, सकाळी ७:३०

बागवान दादा, वाचूनच पोटात गोळा आला. मी सीएकडे आर्टिकल, म्हणजे शिकाऊ, आहे, आमच्याकडे हीच बाकी-पत्रं सातशे जातात. आमच्या सरांनी एकदम पाठवणं बंदच केलंय. सॉफ्टवेअर मेल तयार करून उघडून दाखवतं आणि 'सेंड' आम्ही दाबतो. तसं केलं की चौकट येत नाही, कारण पाठवणारा माणूस असतो. वेळ लागतो, पण पत्ता आणि फाइल डोळ्याखालून जाते.

कोडकरी_धुळे | ८:१०

बरोबर आहे, ताई. कोडमध्ये 'सेंड'ऐवजी 'डिस्प्ले' लिहायचं, एका शब्दाचा फरक. पण सातशे खिडक्या उघडल्या की मशीन रडतं.

अमळनेरकरीण | ८:१४

वीस-वीसच्या गठ्ठ्याने करतो. मशीन नाही रडत, आम्ही रडतो.

डाळमिल_दिवाणजी | १०:४५

रात्रपाळी साहेब, बघितलं. 'अँटीव्हायरस स्टेटस: इनव्हॅलिड' असं लिहिलंय.

बिब्बा | १०:४७

संपला असेल तुमचा.

चोपड्याचा_वाणी | १०:५५

हेच म्हणतो. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला असेल, तीन महिन्यांनी संपतो. माझं तसंच होतं. संपलेला अँटीव्हायरस काढून टाकला, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर जागा झाला आणि चौकट गेली. रुपया लागला नाही.

डाळमिल_दिवाणजी | ११:०२

अहो, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की फेब्रुवारीत घेतला! पावती फाइलला लावलीय. हिरवी टिक दाखवतो, रोज अपडेट होतो. माझ्यावर विश्वास नसेल तर येऊन बघा.

चोपड्याचा_वाणी | ११:०५

रागावू नका, दिवाणजी. जळगावला आलो तर भरीत-भाकरी खायला येईन. पावती बघायला नाही.

बिब्बा | ११:०९

भरिताचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. एप्रिलमध्ये भरीत खाणारे माणसं बरोबर आहेत का? भरताची वांगी थंडीतली, काड्यांवर भाजलेली. आता जे मिळतं त्याला मी वांग्याची चटणी म्हणतो.

अमळनेरकरीण | ११:१२

पहिल्यांदाच बिब्बा बरोबर बोलला. आता शेवभाजीचे दिवस.

केळीबागवान | ११:२०

कळण्याची भाकरी असली की सगळेच दिवस बरोबर. पण धाग्यावर या.

रात्रपाळी | दुपारी १:३०

दोन अँटीव्हायरस एकमेकांवर बसलेत का? विंडोज कुठलं आहे?

डाळमिल_दिवाणजी | १:४२

एकच आहे. विंडोज ११, लॅपटॉप मागच्या दिवाळीचा.

रात्रपाळी | १:५०

मग 'इनव्हॅलिड' का? डोकं चालेना. विंडोज सिक्युरिटी उघडून बघा, तिथे तुमच्या अँटीव्हायरसचं नाव आहे का?

डाळमिल_दिवाणजी | २:०५

आहे. 'नो अ‍ॅक्शन नीडेड', हिरवी टिक.

शहाद्याची_सून | २:४०

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेच. साखर कारखान्याच्या ऑफिसात कामाला होते तेव्हा आमच्याकडे हाच घोळ तीन महिने चालला होता.

दिवाणजी काका, बिलिंग उघडता तेव्हा सगळा पडदा बदलतो का? आणि वर मधोमध एक निळी पट्टी येते का, माउस नेला की खाली सरकणारी?

डाळमिल_दिवाणजी | २:५५

हो, येते. शेठजींनी सगळा डेटा एका मोठ्या मशीनवर ठेवलाय. मी लॅपटॉपवरून आयकॉन दाबतो, पासवर्ड टाकतो, मग आत बिलिंग. आउटलुकही आतच आहे. का?

शहाद्याची_सून | ३:०४

सापडलं. तुमचं आउटलुक लॅपटॉपवर चालतच नाहीये, काका. ते त्या सर्व्हरवर चालतंय, तुम्ही दुरून बघताय. पावती लॅपटॉपची आणि चौकट सर्व्हरची.

रात्रपाळी | ३:१५

ताई, हात जोडले. हे मी पहिल्यांदा विचारायला हवं होतं.

दिवाणजी, आता उलगडून सांगतो. आउटलुक स्वतः अँटीव्हायरस शोधत फिरत नाही. विंडोजमध्ये 'सिक्युरिटी सेंटर' नावाची चौकी असते आणि अँटीव्हायरस तिथे हजेरी लावतो. आउटलुक त्या चौकीला विचारतं, पहारेकरी जागा आहे का? हो म्हटलं की चौकट नाही. पण विंडोज सर्व्हरवर ही चौकीच नसते. उत्तर द्यायला कोणी नाही, मग आउटलुक धरून चालतं की पहारा नाही. सर्व्हरवर कितीही महागडा अँटीव्हायरस घाला, स्टेटस 'इनव्हॅलिड'च राहणार.

कोडकरी_धुळे | ३:२८

म्हणजे आता तरी 'नेव्हर' करायचं ना? दुसरा मार्गच नाही.

रात्रपाळी | ३:५०

आहे. आणि सर्व्हरवर 'नेव्हर' तर मुळीच नको, तिथे पाच-सहा माणसं एकाच मशीनवर बसलेली असतात. एकासाठी उघडलं की सगळ्यांसाठी उघडलं.

ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सर्व्हर सांभाळणारा जे नियम सगळ्यांसाठी एकदम लावतो त्यांत, आउटलुकच्या सुरक्षेचे वेगवेगळे खटके आहेत. आधी 'सिक्युरिटी मोड' पॉलिसीवर आणायचा, मग मेल पाठवतानाच्या चौकटीसाठी आपोआप मंजुरी द्यायची. पत्तावही वाचण्याची चौकट तशीच ठेवायची. म्हणजे बिलिंगचे मेल जातील, पण एखादा आगंतुक पत्ते चाळायला लागला तर आउटलुक विचारेल. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे सांगा, स्वतः रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या पोटातल्या सेटिंगमध्ये, हात घालू नका.

त्याहून सोपं म्हणजे मेल लॅपटॉपवरून पाठवा. बिलिंग लॅपटॉपवर बसवता येत असेल आणि डेटा सर्व्हरवरून घेत असेल तर आउटलुक तुमच्या लॅपटॉपचं राहील. तिथे पावती आहेच.

कोडकरी_धुळे | ४:१०

किंवा आउटलुक मधून काढाच. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एसएमटीपीने, म्हणजे मेलच्या सर्व्हरशी स्वतःच बोलून, थेट पाठवायची सोय असते. मेल जीमेलवर असेल तर तुमचा रोजचा पासवर्ड तिथे चालणार नाही, ती सवलत ३० मे २०२२ पासून बंद झाली. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, चालू करून १६ अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' घ्यायचा आणि तो सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा.

एक इशारा मात्र सगळ्यांना. आउटलुकच्या वरच्या कोपऱ्यात 'न्यू आउटलुक' असा खटका दिसतो, तो कुतूहल म्हणून ओढू नका. नव्या आउटलुकला बाहेरून हुकूम देताच येत नाहीत. चौकटही येणार नाही आणि मेलही जाणार नाही. गेल्या महिन्यात माझ्या तीन गिऱ्हाइकांनी तो ओढला आणि तिघांनी मला फोन करून 'तुमचं सॉफ्टवेअर बिघडलं' म्हणून झापलं.

भुसावळचा_नाना | ४:३५

थंडरबर्ड नावाच्या मेलच्या प्रोग्रॅममध्येही असाच इशारा आहे हो. दुसरा प्रोग्रॅम तुमच्या नावाने पाठवू बघतोय, पाठवू का म्हणून. आणि आउटलुक एक्स्प्रेसमध्ये होता. तेव्हा आउटलुकला एकट्यालाच बोल लावू नका.

बिब्बा | ४:४०

नाना, आउटलुक एक्स्प्रेस भुसावळला थांबते का?

भुसावळचा_नाना | ४:४१

भुसावळला सगळ्या थांबतात, बाळा.

डाळमिल_दिवाणजी | २१ एप्रिल, दुपारी १२:१५

दोन दिवस गायब होतो. रविवार आणि कूलरचा पंप, दोन्ही निस्तरत होतो.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. आधी 'नेव्हर करा' म्हणाला. सर्व्हर म्हटल्यावर गप्प झाला, मग लॅपटॉपवर बिलिंग बसवून दिलं. डेटा तिकडचाच, आउटलुक इथलं. प्रोग्रामॅटिक अ‍ॅक्सेसचं पान उघडलं, 'व्हॅलिड'. कुठलंही सेटिंग बदललं नाही.

बागवान भाऊंची कथा डोक्यात होती, म्हणून पहिले पाच मला स्वतःला पाठवले आणि पाचही उघडून बघितले. चौथ्यात बाकी बरोबर होती पण नावापुढे 'मेसर्स मेसर्स' होतं. ते निस्तरलं आणि बटण दाबलं. २४० गेले, एकही चौकट नाही.

मग वेगळीच गंमत. अर्ध्या तासात १७ मेल परत आले, पत्ता चुकीचा म्हणून. काही ठिकाणी 'जीमेल'चं स्पेलिंग चुकलेलं, काही पार्ट्या बंदच पडलेल्या. मागच्या वर्षीही हे १७ परत आले असणार, पण ते येऊन पडत होते सर्व्हरवरच्या आउटलुकमध्ये आणि मी वाचत होतो लॅपटॉपवरचं. म्हणजे ऑडिटला 'सगळ्यांना कळवलं' म्हणून मी सही केली आणि १७ जणांना कळलंच नव्हतं. आता त्यांना फोन लावतोय.

शहाद्याच्या ताई, तुमचे उपकार. जळगावला आलात तर थंडीत या, बिब्बा म्हणतो ते वांग्यांचं खरं आहे.

अमळनेरकरीण | १२:३०

काका, त्या १७ चं आधी सीएंना सांगा, मग फोन लावा.

डाळमिल_दिवाणजी | १२:३३

सांगितलं. ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बिब्बा | १२:४०

सगळं ठीक, पण पोऱ्याचं काय झालं?

डाळमिल_दिवाणजी | १२:४४

गोदामात परत गेला. सकाळपासून दोनदा येऊन विचारून गेला, "काका, ते अलाउचं काम परत केव्हा शे?"

पाचोरा_एक्स्प्रेस | २ मे, रात्री १०:२०

धागा वाचला नाही, पण ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन 'नेव्हर वॉर्न' करून टाका. दोन मिनिटांचं काम.

केळीबागवान | १०:२३

भाऊ, पयले बठ्ठा धागा वाची ल्या. मंग सांगा.